आमच्या दाराला पायरी नाही

"पुरुष गुडघे टेकून बसला ना, की त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, पोरी. हाताकडे बघ," तेक्लाआत्या म्हणाली होती. "हात रिकामे असले तर बापडा काय म्हणतो ते ऐकून घे. हातात लेखणी असली, तर उठायचं आणि सरळ घरची वाट धरायची."

दियामान्ते खळखळून हसली होती. अठराव्या वर्षी माणूस आणखी काय करणार?

"आणि आत्या, एका हातात लेखणी नि दुसरा रिकामा असला तर?"

"तर दोन्ही पायांनी पळायचं."

लुक्का गावात त्या दिवशी संत झिताची जत्रा होती. सान फ्रेदियानोच्या चौकात नर्गिसाचे भारेच्या भारे उतरले होते, आणि आभाळ सकाळपासून पडू की नको करत होतं. आत्या मेणबत्त्यांच्या रांगेत अडकली. दियामान्ते दोन्ही हातांत मावेनात इतकी फुलं घेऊन निघाली, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला... सगळा चौक देवळाच्या कमानीखाली धावला. खांद्याला खांदा, ओल्या लोकरीचा वास, पोरांची किरकिर. आणि त्या दाटीत कुणीतरी अगदी कानाशी, अगदी अदबीनं म्हणालं—

"बाईसाहेब, माझ्या बुटात तळं झालंय."

तिनं खाली पाहिलं. तिच्या फुलांच्या देठांतलं पाणी थेंबाथेंबानं एका सुरेख, पिवळ्या, नव्याकोऱ्या बुटात जात होतं.

"मग मासे सोडा त्यात."

"फुलं जरा पलीकडे धरलीत तर—"

"पलीकडे धरली तर चुरगळतील. झिता रागावेल. तुमचा बूट रागावला तर माझी काही हरकत नाही."

तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी मागाहून. पापणीवर पावसाचा एक थेंब होता, तो त्यानं पुसला नाही.

"निदान नाव तरी सांगा. घरी गेल्यावर ओला मोजा कुणाच्या नावानं पिळू?"

"दियामान्ते."

"दिया... मान्ते." त्यानं ते हळू म्हटलं. दियामान्ते म्हणजे हिरा. तिच्या मानेवर शहारा आला. तिला वाटलं, हा माणूस आपलं नाव चाखून बघतोय. खरं तर तो ते घासून बघत होता, सराफ खडा घासून बघतो तसं. पण हे कळायचं होतं अजून.

त्याचं नाव आस्कानियो. जुन्या, मोठ्या घरातला धाकटा मुलगा. जमीनजुमला थोरल्याकडे गेला होता, ह्याच्या वाट्याला घराण्याचं नाक आणि लेखणी आली होती. लेखणी सदा कानामागे खोचलेली असायची. दियामान्तेला ती दिसत होती, आत्याचं बोलणं आठवतही होतं. पण खालचा चेहराच असा होता की...

बिशपांच्या बहिणीच्या घरी दर आठवड्याला दुपारची बैठक भरायची. गावातली चांगल्या घरची मुलं तिथे आपली सुनीतं वाचत, बायका बदाम खात ऐकत आणि मान डोलावत. चौदा ओळींच्या त्या खेळाचे नियम पाळण्यातल्या पोरालाही पाठ होते. कवितेतली ती निष्ठुर. तो जळणार, ती बघणार नाही. शेवटच्या ओळीला तो मरणार, आणि मेल्यावर उठून बदाम खाणार.

पुढच्याच बैठकीत आस्कानियो दियामान्तेच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला आणि त्यानं वाचलं. नाव न घेता. पण हिरा म्हटल्यावर नाव घ्यायला उरलं काय? बायकांचे पंखे थांबले. दियामान्तेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्यामुळे एका माणसाची झोप उडाली आहे, हे चारचौघांत ऐकताना अंगावरून कुणी मोरपीस फिरवावं तसं वाटतं. कुणालाही वाटेल.

मग सुनीतं येतच राहिली. त्यांत ती बर्फ झाली, संगमरवर झाली, एकदा वाघीणही झाली.

"वाघीण?" बिशपांच्या बागेत तिनं त्याला गाठलं. "काल तुम्हाला मनुकांच्या पावाचे दोन तुकडे कुणी दिले? वाघिणीनं?"

"ते सुनीतात येत नाही."

"का? पाव काही वाईट नव्हता."

"पाव उत्तम होता," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिच्या बाहीवरचा रेशमाचा एक तंतू त्यानं दोन बोटांनी फार हळुवारपणे उचलला. "पण पाव देणाऱ्या बाईसाठी कोण मरतं?"

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते. घरी जाताना सगळ्या वाटेवर ती तो तंतू उचलल्याची जागा दुसऱ्या हातानं झाकून चालत होती.

तिच्या बाबांचा, मेसर बियाजोंचा, रेशमाचा धंदा. घराच्या दारातून गाठोड्यांच्या हातगाड्या थेट आत याव्यात म्हणून त्यांनी रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत फरशीचा उतार करून घेतला होता. त्या उताराशी, खिडकीच्या आतून, दियामान्ते रोज संध्याकाळी उभी राहायची. कारण एक सुनीत गावभर गाजत होतं—

*हिऱ्याहून कठीण ती, तिचं बंदच सदा दार,*
*पायरीवर जन्म सरे, वारा झोंबतो गार;*
*मेलो तरी न येईल तिच्या डोळ्यांना धार,*
*मरणा, ये, तूच आता ह्या जिवाला आधार.*

ती वाट बघायची. हातगाड्या यायच्या, पाणीवाला यायचा. आस्कानियो कधीच आला नाही.

मासळीबाजारात मात्र सुनीत पोचलं होतं. "काय गं हिरकणी," कोळीण ओरडायची, "मासा देऊ का? की तुला बघूनच गारठेल मेला!" सगळा बाजार हसायचा. दियामान्तेही हसायची. मग पिस्तोयाच्या लोकरवाल्यांकडून जवळजवळ ठरत आलेलं स्थळ मोडलं. मुलाची आई आत्याच्या तोंडावर म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरच्या मुलाला जिनं पायरीवर कुडकुडत ठेवलं, ती माझ्या पोराला काय ऊब देणार?"

"पण मी नाही ठेवलं!" दियामान्ते म्हणाली.

"छापून आल्यासारखं गाव म्हणतंय," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते, थकले होते. "बाळ, सान मार्तिनोच्या सणाला नव्या द्राक्षरसाची पिंपं फुटतील. तोवर कुणी हो म्हणून आलं तर आलं. नाहीतर मठातल्या बाईंशी बोलतो मी. तिथे निदान कुणी कविता करत नाही."

आता सरळ होतं सगळं. आस्कानियो झुरतोय. तिचा तर त्याच्यावर जीव जडलाच आहे. दोघांच्या मध्ये फक्त एक 'हो' अडलाय, तो कुणीतरी म्हणायला हवा. आणि तो म्हणायची रीत होती. कुणी तुम्हाला सुनीत लिहिलं तर त्याच सुनीताच्या ओळींचे शेवटचे शब्द घेऊन उत्तर द्यायचं. शेवटचा शब्द त्याचा, बाकी ओळ तुमची. दियामान्तेला शिकवायला लहानपणी पंतोजी येत. ती दोन दिवस बोटांवर मात्रा मोजत बसली. त्या गाजलेल्या सुनीताला तिनं चौदा ओळींचं उत्तर लिहिलं, आणि सुरुवात होती ती अशी—

*कडी नाही, अडसर नाही, ढकलून पाहा दार,*
*चूल पेटली आत, कशाला बसता बाहेर गार?*
*पुसून टाका डोळ्यांची ती शाईमधली धार,*
*मरणाला द्या सुट्टी, घ्या ह्या हाताचा आधार.*

बिशपांच्या बागेत लिंबाच्या कुंड्या थंडीसाठी आत न्यायला एका रांगेत लावल्या होत्या. त्या वासात तिनं कागद त्याच्या हातात ठेवला. तो सवयीनं गुडघ्यावर बसलाच होता. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली... हाताकडे नाही. हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लागत होती.

"मात्रा बरोबर आहेत," तो म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं..." त्यानं पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला, सणाच्या दिवशी पाऊस आल्यावर पोराचा उतरतो तसा.

"'हो' आहे ते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "कागदावर कळत नसेल तर तोंडानं सांगते. हो."

"हळू बोला!"

"का? माझा 'नाही' तर तुम्ही गावभर मोठ्यानं वाचलात."

"दियामान्ते, तुम्ही समजून घ्या. पुस्तक होत आलंय. रोमला कार्दिनालसाहेबांना अर्पण करायचंय. त्यांच्या पदरी जागा मिळेल मला, थोरल्या भावाच्या ताटाखालून सुटेन मी. शेवटच्या सुनीतात मी मरतो. आता तुम्ही दार उघडलंत तर मी मरू कसा?"

"नका मरू. आमच्या बाबांना भेटायला या."

"बाबांना?" तो खरोखर गोंधळला. "आणि काय सांगू?"

"मला सांगता तेच. जळतोय, झोप नाही, अन्न गोड लागत नाही..."

"ते बाबांना सांगायचं नसतं."

"म्हणजे खरं नसतं?"

लिंबाचं एक पान गळून दोघांच्या मध्ये पडलं. आस्कानियोनं वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत खेळ नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. तेच तर वाईट होतं.

"खरं आहे," तो म्हणाला. "पण ते... तुमच्याबद्दल नाही. ते त्या दियामान्तेबद्दल आहे."

"कुठल्या?"

"जी नाही म्हणते."

त्यानं तिच्या बोटांची टोकं ओठांना लावली, कागदाची घडी घातली आणि फार काळजीनं तिच्या हातात परत दिली. "जपा हा. कुणाच्या हाती लागला तर तुमचंच नाव जाईल." आणि गेला.

घरी येऊन तिनं कागद चुलीत घातला. चूल पेटलेली होतीच.

पुढच्या बैठकीला ती गेली ती केवळ आत्या म्हणाली म्हणून. "नाही गेलीस तर लोक म्हणतील, काहीतरी झालं. चल. पाठ ताठ ठेव." आस्कानियो काळ्या कपड्यांत आला होता. काळा रंग त्याला खुलून दिसायचा.

"माझ्या मादोन्नानं, ह्या निष्ठुर बाईनं, अखेर कृपा केली," तो म्हणाला. "माझ्याच यमकांत तिनं उत्तर दिलं. ऐका."

दियामान्तेनं मान वर केली. वाचतोय? माझं? क्षणभर... खोटं कशाला, क्षणभर तिला आनंदही झाला.

*ठोठावून थकाल तुम्ही, उघडणार ना दार,*
*तुमचे निखारे माझ्या अंगणी होतील गार;*
*सुरीलाच असते, माझ्या डोळ्यांना नाही धार,*
*मरा खुशाल, मागू नका माझ्यापाशी आधार.*

शब्द तेच. दार, गार, धार, आधार. ओळी त्याच्या, आणि तोंड तिचं.

"किती निर्दय!" बिशपांच्या बहिणीनं डोळे टिपले. "किती सुंदर! आणि मात्राही किती नीटस. पोरी, तू इतकं चांगलं लिहितेस?"

दियामान्ते उठायला लागली. आत्यानं तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"आत्या, हे माझं नाही. मी हो म्हटलं होतं."

"ते मी चुलीतल्या राखेवरून ओळखलं," आत्या ओठ न हलवता पुटपुटली. "आता उठून सांगणार काय? भर बैठकीत, की माझं दार उघडं आहे, या? नाही म्हणालीस तर दगड. हो म्हणालीस तर बाजारबसवी. त्या चौदा ओळींत तुझ्यासाठी तिसरी जागाच ठेवलेली नाही, बाळा."

ती बसली. आणि मग पुन्हा उठली. कारण एक गोष्ट अशी होती, जी हो नव्हती आणि नाहीही नव्हती. ती फक्त खरी होती.

"माझी एक शंका आहे," ती म्हणाली.

सगळे वळले. आस्कानियोच्या हातातला कागद किंचित खाली आला.

"आमच्या दाराला पायरी नाही."

बिशपांच्या बहिणीनं हातातला बदाम खाली ठेवला.

"उतार आहे. बाबांच्या हातगाड्यांसाठी. लुक्कातल्या प्रत्येक हमालाला ठाऊक आहे. तुम्ही एवढे महिने कुडकुडत बसलात, ते कुणाच्या पायरीवर?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. आस्कानियोच्या मानेवर लाली चढत गेली. एका श्वासापुरता, फक्त एका श्वासापुरता, तो खोलीतला सगळ्यात लहान माणूस झाला. दियामान्तेला वाटलं, आता हा म्हणेल. आता खरं म्हणेल.

त्यानं उजवा हात छातीवर ठेवला.

"बघितलंत?" तो सगळ्यांकडे वळून, हलक्या, दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "आता पायरीसुद्धा काढून घेतली!"

टाळ्यांनी खोली दणाणली. कुणी 'वाहवा' म्हणालं, कुणी 'बिचारा' म्हणालं. एकीनं पंखा इतक्या जोरानं हातावर मारला की काडी मोडली. दियामान्ते उभीच होती. गाल गार पडले होते, डोळे कोरडे होते. आणि सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं... खरंच की, अगदी दगड.

पुस्तक निघालं. त्यात पायरीचंही एक सुनीत होतं. ते सगळ्यात जास्त आवडलं लोकांना. आस्कानियो रोमला गेला.

मठात जायची वेळ मात्र आली नाही. सान मार्तिनोच्या आधीच पेशा गावाहून सिमोनेचं मागणं आलं. त्याची कागदाची गिरणी होती, पुस्तकाचा कागद त्याचाच. छापखान्यात ताव मोजताना त्यानं सुनीतं वाचली आणि तो तिच्या प्रेमात पडला. दाराशी आला, उतारावरून चालत, रिकाम्या हातांनी. आत्यानं ते हात निरखून पाहिले आणि मान हलवली. दियामान्तेनं हो म्हटलं. ह्या वेळी ते कुणी परत केलं नाही.

सिमोने चांगला होता. पण पाहुणे आले की तो फडताळातून पुस्तक काढायचा. "ही तीच," म्हणायचा. "अख्ख्या लुक्काला जी मिळाली नाही, ती." आणि पाहुणे म्हणायचे, "वहिनी, एकदा ती नजर दाखवा ना!" पहिल्या हिवाळ्यात ती त्याचे पाय आपल्या पायांनी शेकायची, त्याच्या नाकाला चिमटे काढायची, हसून हसून लोळायची. तो सुखावायचा. मग एकदा, अगदी प्रेमानं, म्हणाला, "पाहुण्यांसमोर एवढं हसू नकोस गं. त्यांना खरं वाटत नाही."

झिताच्या ओटीतल्या भाकरीची फुलं झाली, तो चमत्कार म्हणून लोक हात जोडतात. दियामान्तेला आता वेगळंच सुचायचं. ज्या भुकेल्यासाठी ती भाकरी नेत होती, तो त्या दिवशी जेवला काय?

तिची मुलगी सात महिन्यांची असताना तेक्लाआत्या खेचरावर बसून आली. पोरीला दात येत होते, तीन दिवस अंग कढत होतं. दियामान्ते तिला खांद्यावरून खाली ठेवत नव्हती. दर घटकेला कपाळाला गाल लावून बघत होती.

"तो परत आलाय," आत्यानं गाठोडं सोडता सोडता सांगितलं. "रोमचे कार्दिनाल वारले. नव्या साहेबांना नवं पुस्तक हवं."

"मग?"

"आता शिंपल्यांची भरती आलीय बाई सुनीतांना. मिटलेला शिंपला, न उघडणारा शिंपला, समुद्राच्या तळाशी बसलेला निर्दयी शिंपला."

दियामान्तेचा हात मुलीच्या पाठीवर थबकला. "पेर्ला?"

पेर्ला म्हणजे मोती. रंगाऱ्याची पेर्ला, त्यांच्या शेजारची, हिरव्या झडपांच्या घरातली. दियामान्तेच्या मागे मागे फिरायची, रेशमाच्या लडी ओढून गुंता करायची आणि स्वतःच रडायची. सोळा वर्षांची झाली असेल.

"सांगितलंस तिला? हाताकडे बघ म्हणून?"

"सांगितलं ना."

"मग?"

"हसली," आत्या म्हणाली. "विचारते कशी, एका हातात लेखणी नि दुसरा रिकामा असला तर?" पावाची पुरचुंडी तिनं उगाच उघडली, उगाच बांधली. "मला पुढचं म्हणवेना."

पोरीला खांद्यावर घेऊन दियामान्ते खिडकीशी गेली, परत आली. एवढ्या तापात डोंगरवाट शक्य नव्हती. सिमोनेला सांगितलं असतं तर त्याला आनंद झाला असता. त्यालाही नव्या सुनीतांची उत्सुकता होती. म्हणून मग ती दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटली. खेचरवाल्याला, कागद न्यायला आलेल्या छापखान्याच्या माणसाला, वाटेत पाणी मागायला थांबलेल्या दोन जोगिणींना. लुक्काला चाललात? सान फ्रेदियानोच्या मागे हिरव्या झडपांचं घर आहे. तिथल्या मुलीला बघून या. ती कशी दिसते ते नको, ते मला पुस्तकात मिळेल. ती जेवते का, एवढंच बघा. आणि विचारा, तिनं कुणाला 'हो' म्हटलंय का. म्हटलं असेल तर कुणासमोर म्हटलंय.

तुमच्याकडेही तेच मागणं आहे. लुक्काला जाणं होईल न होईल, पण तुमच्याच गल्लीत, तुमच्या वरच्याच मजल्यावर अशी एखादी असेल, जिच्या कठोरपणाच्या गोष्टी तुम्ही चवीनं ऐकल्या आहेत. आज जरा बघून या तिला. खाली उभं राहून 'इतकी का गं निष्ठुर?' म्हणून हाक मारू नका. वर जा. दार ढकलून पाहा. बहुतेक उघडंच असेल.